ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ – ३१ ऑगस्ट, १९७३) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ, लेखिका आणि समाजसेविका होत्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या कार्यास आरंभ केला. पुढे मुंबईतील दादर, समुद्रकाठचे बोर्डी आणि अखेरीस कोसबाडची टेकडी अशा तीन ठिकाणी त्यांनी हे कार्य नेले. बोर्डी व कोसबाड ही गावे त्या काळी ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. अडीच ते सहा वर्षे वयाच्या मुलावर अक्षरे व अंक लादण्याची घाई करू नये आणि त्याला स्वतःच्या गतीने वाढू द्यावे, हा त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभा होय. हा विचार केवळ सुखवस्तू घरांतील मुलांपुरता नाही, हे त्यांनी हरिजन वस्तीत आणि वारली पाड्यांवर काम करून दाखविले. आज देशभर रूढ झालेली 'अंगणवाडी' ही संज्ञा त्यांच्या बोर्डी येथील प्रयोगातून आली, असे महाराष्ट्रात मानले जाते. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब दिला.

जन्म व कौटुंबिक पार्श्वभूमी

ताराबाईंचा जन्म मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्यांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली असली, तरी असा विवाह करणाऱ्या कुटुंबाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही नातलगांचा व जातीचा रोष सोसावा लागत असे. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोकरूढीविरुद्ध जाण्याची किंमत लहानपणीच कळते. मुलगी म्हणून ताराबाईंचे शिक्षण मात्र थांबले नाही. मुंबईच्या अलेक्झांड्रा मुलींच्या शाळेत त्या शिकल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रियांची संख्या फारच थोडी होती.

विवाह व राजकोट

अमरावतीचे वकील कृष्ण वासुदेव मोडक यांच्याशी ताराबाईंचा विवाह झाला. या विवाहातून त्यांना प्रभा ही कन्या झाली. संसार फार काळ टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. लहान मुलीची जबाबदारी आणि उपजीविका या दोन्ही गोष्टी त्यानंतर ताराबाईंवर येऊन पडल्या. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या अध्यापिका तयार करणाऱ्या संस्थेत त्या प्राचार्य झाल्या. पद मानाचे होते आणि स्थैर्यही होते. परंतु अध्यापिकांना शिकविताना आणि स्वतःच्या मुलीचे पाहताना, शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलाचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या काळी मराठी घरांत या वयाच्या मुलांसाठी आजीचा पदर आणि अंगण एवढीच सोय होती. शाळा सुरू झाली की पाटी, पाढे आणि छडी. या दोहोंच्या मध्ये काही असू शकते, हा विचारच नवा होता.

भावनगर

राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरात या प्रश्नावर काम चालू होते. नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मारिया माँटेसरी यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि वकिली सोडून ते दक्षिणामूर्तीत दाखल झाले. ताराबाई १९२३ मध्ये राजकोटचे पद सोडून भावनगरला आल्या व सुमारे नऊ वर्षे तेथे राहिल्या.

माँटेसरी पद्धतीचे मर्म साधनांतून चांगले लक्षात येते. दट्ट्यांच्या पेटीत एका लाकडी ठोकळ्याला दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे असतात. एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटी एक दट्टा असा उरतो की तो उरलेल्या खाचेत बसत नाही. चूक झाली हे मुलाला साधनच दाखवून देते. बाईंना रागावावे लागत नाही. मूल दट्टे काढते आणि पुन्हा लावते. एखादे मूल ते दोनदा करील, एखादे वीसदा. त्याला मध्येच उठवायचे नाही, दुसऱ्या मुलाशी त्याची तुलना करायची नाही आणि ते जमल्याबद्दल बक्षीसही द्यायचे नाही. लेखनाचेही तसेच. आधी बोटांना वळण लागते, मग खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरते आणि लिहिण्याची वेळ आली की हात तयार असतो. बाहेरून पाहणाऱ्याला या सर्व काळात मूल केवळ खेळताना दिसते.

भावनगरच्या बालमंदिरात या पद्धतीला गुजराती वळण मिळाले. लोककथा, गाणी, नाट्य, बागकाम आणि फेरफटके यांना तेथे मोठे स्थान होते. मूळ पद्धतीत गोष्टींना इतके महत्त्व नव्हते. माँटेसरींचे शब्दशः अनुकरण गिजुभाईंनी केले नाही आणि ताराबाईंनीही पुढे केले नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाई आणि ताराबाई हे या संघाचे दोन आधारस्तंभ होते. अध्यापिकांचे प्रशिक्षण, पालकांसाठी लेखन आणि बालवाङ्मय ही कामे संघाने हाती घेतली.

ताराबाई गुजराती उत्तम शिकल्या आणि त्या भाषेत त्यांनी लेखनही केले. मराठी वाचकांना ताराबाई कोसबाडच्या म्हणून परिचित आहेत. त्यांच्या आयुष्याचा हा गुजराती कालखंड मराठीत काहीसा दुर्लक्षित राहिला आहे.

शिक्षणपत्रिका

संघाचे 'शिक्षणपत्रिका' हे मासिक प्रथम गुजरातीत निघत असे. मराठी आवृत्ती १९३३ मध्ये सुरू झाली आणि तिचे संपादन ताराबाईंनी केले. मासिकाचा वाचक शिक्षक होता, त्याहून अधिक पालक होता. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, जेवताना का रडते, मारल्याने काय होते, भीती कशी बसते, असे विषय त्यात येत. मुलाला मारणे हा घरोघर सहज चालणारा प्रकार असताना एक मासिक दर महिन्याला त्याविरुद्ध लिहीत होते, ही गोष्ट त्या काळाच्या संदर्भात लहान नाही. मराठीत बालमानसशास्त्राची सोपी परिभाषा घडविण्यात या मासिकाचा मोठा वाटा आहे.

दादरचे शिशुविहार

भावनगर सोडल्यानंतर ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार केंद्र सुरू केले. बालमंदिरास जोडून अध्यापक विद्यालयही चालविण्यात आले. गिरगावातून दादरकडे सरकलेला, नोकरी करणारा, शिकलेला मध्यमवर्ग येथे नव्याने वसला होता. चाळी व लहान बिऱ्हाडे यांमुळे मुलांना खेळायला जागा नव्हती आणि एकत्र कुटुंब मागे राहिल्याने घरात आजीही नव्हती. शिशुविहाराची गरज पालकांना पटली. मात्र याच पालकांची मूल लवकर लिहू-वाचू लागावे ही अपेक्षाही मोठी होती. मुलाची पाटी कोरी पाहून आई अस्वस्थ होई. शिशुवर्ग म्हणजे पहिलीची तयारी, असा समज तेव्हाही होता. नव्वद वर्षांनंतर तो वाढला आहे, एवढाच फरक.

शिशुविहारातून बाहेर पडलेल्या अध्यापिकांनी महाराष्ट्रात व गुजरातमध्ये ठिकठिकाणी बालमंदिरे काढली. गिजुभाईंचे १९३९ मध्ये निधन झाले आणि संघाची जबाबदारी मुख्यतः ताराबाईंवर आली. त्याच वर्षी मारिया माँटेसरी भारतात आल्या. युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे देशात माँटेसरी शाळांचे वारे आले. या शाळा बहुतेक शहरांत निघाल्या. सागवानी साधने, विशिष्ट मापाची खेळणी, लहान खुर्च्या-टेबले आणि त्याला साजेशी फी, असे त्यांचे स्वरूप झाले. वास्तविक माँटेसरी यांची पहिली बालगृहशाळा १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत, दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी सुरू झाली होती. गरिबांच्या मुलांत जन्मलेली पद्धत भारतात येताना श्रीमंतांची झाली. ताराबाईंचा पुढील सर्व काळ हा उलटा प्रवास पुन्हा सुलटा करण्यात गेला.

बोर्डी आणि अंगणवाडी

महात्मा गांधींची १९३७ ची वर्धा शिक्षणयोजना सात वर्षांपुढील मुलांचा विचार करीत होती. त्याआधीच्या वयाचा प्रश्न नंतर पुढे आला आणि १९४५ च्या सुमारास नयी तालीमच्या कक्षेत पूर्वबुनियादी शिक्षणाचा समावेश झाला. खेड्यातील, गरीब घरातील दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी काय करता येईल, याचे उत्तर शहरातील बालमंदिरांकडे नव्हते. ताराबाईंनी ते शोधण्यासाठी बोर्डी हे गाव निवडले. आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या शिक्षकांच्या कार्यामुळे तेथे शिक्षणाला अनुकूल वातावरण होते. १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा ताराबाईंचे वय ५३ वर्षांचे होते.

याच वेळी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताई बालविधवा होत्या. शिकून शिक्षिका झाल्यावर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली होती. ती सोडून त्या बोर्डीला आल्या आणि अखेरपर्यंत या कार्यात राहिल्या. ताराबाईंना गुरुस्थानी मानणाऱ्या अनुताईंचे स्वतःचे कर्तृत्वही मोठे आहे. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बोर्डीत प्रथम नेहमीसारखी बालवाडी उघडण्यात आली. गावातील खाऊनपिऊन सुखी घरांतील मुले आली. हरिजन वस्तीतील मुले आली नाहीत. कारणे उघड होती. आईबाप पहाटे कामावर जात, मुलाला न्हाऊमाखू घालून बालवाडीत पोहोचविण्यास घरी कोणी नसे, अंगावर धड कपडे नसत आणि अस्पृश्यतेचे भय तर होतेच. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असा निर्णय झाला. कार्यकर्त्या सकाळी वस्तीत जात. अंगण झाडून घेत, मुलांना गोळा करीत, त्यांचे हातपाय धूत, नखे कापीत, केस विंचरीत आणि मग गाणी, गोष्टी, खेळ होत. इमारत नाही, फाटक नाही, घंटा नाही. या अंगणातल्या बालवाडीला अंगणवाडी हे नाव पडले.

या प्रयोगात दोन गोष्टी एकाच वेळी साधल्या गेल्या. पहिली खर्चाची. दट्ट्यांच्या पेट्या व मनोरे यांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, चिंचोके, पाने, फुले आणि माती आली. लहानमोठे, जडहलके, गुळगुळीत-खरखरीत हे भेद शिंपल्यांतही आहेत आणि मूल ते तितक्याच एकाग्रतेने लावते. इंद्रियशिक्षणाचे तत्त्व राहिले, आयात साधने गेली. दुसरी गोष्ट आईची. अंगणात काय चालले आहे ते आईला, आजीला, शेजारणीला दिसत होते. मुलाला न मारता त्याच्याशी कसे बोलावे, हे सांगण्यापेक्षा दाखविणे अधिक सोपे होते.

स्नान व स्वच्छता हाच बोर्डीतील पहिल्या काळाचा मुख्य कार्यक्रम होता. काही अभ्यासकांनी याला उच्चवर्णीय सुधारकांची शिस्तप्रियता म्हटले आहे. या टीकेत तथ्याचा अंश असू शकतो. ताराबाईंच्या दृष्टीने मात्र हात धुणे, स्वतःचे कपडे घालणे, भांडे न सांडता उचलणे ही पूर्वतयारी नसून ते शिक्षणच होते. ज्या मुलाला घरी कोणी सावकाश हात लावत नाही, त्याचे केस कोणी धीराने विंचरणे हा त्याच्या दिवसातील मोठा प्रसंग असतो.

कोसबाड : कुरणशाळा आणि विकासवाडी

बोर्डीचे काम स्थिरावल्यानंतर १९५६-५७ च्या सुमारास ताराबाई व अनुताई यांनी आपले केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविले. ताराबाईंनी तेव्हा पासष्टीत प्रवेश केला होता. भोवतालची वस्ती मुख्यतः वारली आदिवासींची होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणाऱ्या 'लग्नगड्यां'चा हा मुलूख. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध येथे मोठा लढा झाला होता आणि त्याचे नेतृत्व गोदावरी व शामराव परुळेकर यांनी केले होते. त्या लढ्यानंतर वेठ ओसरली, पण दारिद्र्य राहिले. शाळा होत्या, पण त्यांत वारली मुले टिकत नसत.

ती का टिकत नाहीत, याचा शोध हा कोसबाडच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे. सहा-सात वर्षांचे वारली मूल रिकामे नसे. मुलगा गुरे राखी, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे. लाकूडफाटा, मासे व खेकडे, पाणी ही कामे त्यांच्याकडेच असत. शाळेची वेळ आणि गुरांची वेळ एकच. त्यातून पुस्तकाची भाषा पाड्यावरच्या बोलीहून वेगळी आणि पुस्तकातील आगगाडी, बाजार व बंगले मुलाने कधी न पाहिलेले. अशा मुलाला मागास किंवा मंद ठरविणे सोपे होते. ताराबाईंनी मुलाऐवजी शाळेचे वेळापत्रक बदलले.

गुरे चरतात त्या कुरणावर शिक्षक गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरांवर एक डोळा ठेवून मुले झाडाखाली बसत, मोजत, बोलत, ऐकत. झाडे, पक्षी, किडे, आभाळ आणि नाला हीच पाठ्यसामग्री. गुराख्याला जनावरांची पारख, वाटांची माहिती आणि ऋतूंची जाण पुष्कळ असते. शिक्षणाची सुरुवात तेथून झाली. ज्यांना दिवसा येणे अशक्य होते, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग घेण्यात आले. कुरणशाळेविषयी ताराबाईंनी इंग्रजीतूनही लिहिले आणि त्यामुळे या प्रयोगाकडे महाराष्ट्राबाहेरील शिक्षणतज्ज्ञांचे लक्ष गेले.

भावंडे सांभाळणाऱ्या मुलींचा प्रश्न विकासवाडीने सोडविला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही एकाच आवारात आणण्यात आल्या. मुलगी कडेवरचे मूल घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि स्वतः वर्गात बसे. मोठ्या मुली पाळणाघरात आळीपाळीने मदत करीत व बालसंगोपन शिकत. आज हे साधे वाटते. पूर्वप्राथमिक व प्राथमिक शिक्षण यांची दोन खाती, दोन इमारती आणि दोन विचार असताना एका मुलाच्या वाढीला एकच सलग वाट असावी, हा त्यामागचा विचार होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा एक पायाभूत टप्पा मानला गेला. कोसबाडने तो जोड सहा दशके आधी घातला होता.

या सर्वांत घाई कोठेच नव्हती, आणि ते परवडणारे नव्हते असेही म्हणता येईल. शासकीय अनुदान पटसंख्या व परीक्षेच्या निकालावर ठरते. गुरे हरवली म्हणून वर्ग मोडणारा, पेरणीच्या दिवसांत रिकामा राहणारा, वर्षभरात थोडीच अक्षरे शिकविणारा वर्ग तपासनिसाला दाखविणे अवघड. संस्थेची आर्थिक ओढाताण कायम राहिली. तरीही मुलाला वर्गात कोंडून निकाल लावण्याचा मार्ग तेथे स्वीकारला गेला नाही.

बालशिक्षणविषयक विचार

शिक्षण लवकर सुरू व्हावे, पण सावकाश चालावे, अशा शब्दांत ताराबाईंची भूमिका मांडता येईल. 'लवकर' आणि 'सावकाश' यांत लोकांची नेहमी गल्लत होते. अडीच वर्षांच्या मुलासाठी शिक्षणाची सोय हवी, याबद्दल त्या आग्रही होत्या. पण ती सोय म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचा अभ्यास अडीच वर्षांच्या मुलाला देणे नव्हे, यावर त्यांचा कटाक्ष होता. पहिल्या सहा वर्षांत मूल इंद्रियांनी, हालचालीने आणि अनुकरणाने शिकते. या काळात हिसकावून घेतलेली वेळ नंतर भरून देता येत नाही, असे त्या मानीत.

स्वातंत्र्य म्हणजे मोकाट सोडणे, हा त्यांच्यावरील नेहमीचा आक्षेप होता. शिस्तीविषयीचे त्यांचे लेखन बहुतांशी या आक्षेपाचे उत्तर आहे. कामात रमलेले मूल शांत असते. भीतीने गप्प बसलेले मूलही शांत दिसते. शिक्षकाला या दोन शांततांतील फरक ओळखता आला पाहिजे. बालमंदिरांतील शांतीचा खेळ याच जाणिवेतून आलेला आहे. सारी मुले स्वतःहून निश्चल बसतात, दूरचा लहानसा आवाज ऐकतात आणि आपले नाव हळूच पुकारले की आवाज न करता उठून जातात. कोणी ओरडून गप्प केलेले नसते.

गिजुभाईंचा स्वभाव कवीचा, तर ताराबाईंचा संघटकाचा होता, असे दोघांविषयी लिहिणारे सामान्यतः म्हणतात. ते फार खरे मानू नये. अंगण, कुरण आणि पाळणाघर यांतून शाळा घडविण्यास कल्पकताही तेवढीच लागते.

लेखन

ताराबाईंनी मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत पालक, शिक्षक आणि मुले यांच्यासाठी विपुल लेखन केले. 'बालविकास व शिस्त', 'बालकांचा हट्ट', 'बिचारी बालके', 'नदीची गोष्ट', 'सवाई विक्रम' ही त्यांची काही पुस्तके होत. त्यांची भाषा साधी आणि घरगुती उदाहरणांनी भरलेली आहे.

सार्वजनिक कार्य व सन्मान

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. शिक्षणविषयक शासकीय समित्यांवरही त्यांनी काम केले. १९४९ मध्ये इटलीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय माँटेसरी परिषदेस त्या भारताच्या प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिल्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

निधन व नंतरचा काळ

ताराबाईंचे ३१ ऑगस्ट, १९७३ रोजी निधन झाले. त्यांच्या पश्चात अनुताई वाघ यांनी कोसबाडचे कार्य चालविले आणि ते मूकबधिर मुले, स्त्रिया व प्रौढ शिक्षण या क्षेत्रांतही वाढविले. अनुताईंनी रमेश पानसे यांच्यासह १९८२ मध्ये ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. अनुताईंचे १९९२ मध्ये निधन झाले.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर, १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. गावपातळीवरील तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आहेत. शिक्षणाला त्यांत सहावे स्थान आहे, आणि व्यवहारातही बहुधा तसेच घडते. आहार, वजने व नोंदवह्या यांत अंगणवाडी सेविकेचा दिवस सरतो. कुपोषण पाहता आहार प्रथम यावा हे योग्यच आहे. परंतु अंगणात बसून एका मुलाला पुरेसा वेळ देणे, ही ताराबाईंची मूळ कल्पना नावापुरती उरली, असे मत बालशिक्षणक्षेत्रात वारंवार व्यक्त होते.

मराठवाड्यात हा विचार उशिरा पोहोचला. भावनगर व दादरचे कार्य ऐन भरात होते, तेव्हा परभणीसह सारा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील शासनाची व वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मराठी शाळाच कमी होत्या. बालशिक्षणाची चळवळ तेथे रुजण्यास अवकाश नव्हता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले व १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. परभणी जिल्ह्यातील गावांत अंगणवाडी हा शब्द आला तो मुख्यतः शासकीय योजनेबरोबर. येथील प्रश्न मात्र कोसबाडला ओळखीचा वाटावा असा आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. कारखान्याच्या तळावर कोपीत धाकट्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेच्या पटावर असते, वर्गात नसते. तिच्या कडेवरचे मूल गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत असते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे हे यावरचे अलीकडचे उपाय आहेत; साखरशाळेचे तत्त्व, म्हणजे मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हे कुरणशाळेचेच आहे. कडेवरच्या मुलाची सोय मात्र बहुतेक तळांवर अजून झालेली नाही.

ताराबाईंच्या जीवनावर आधारित 'घर तिघांचं हवं' हे नाटक रत्नाकर मतकरी यांनी लिहिले आहे.